साखर कमी केली, बरणी फसफसली

पत्र थोडक्यात: पुण्यातल्या एका वाचक ताईंचे सासरे ७२ वर्षांचे. मधुमेह जुना, पण सकाळच्या टोस्टला जॅम लावायची सवय त्याहून जुनी. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ताईंनी तीन किलो चेरी आणली. नेहमीच्या मुरांब्याच्या कृतीत किलोला ७५० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅम साखर घातली, नीट उकळलं, धुऊन-वाळवून घेतलेल्या बरण्यांत भरलं आणि बरण्या कपाटात ठेवल्या. बाराव्या दिवशी एक झाकण उघडताना ‘फस्स’ झालं आणि दुसऱ्या बरणीवर बुरशी दिसली. सगळं टाकून द्यावं लागलं. यंदा थोड्या चेरींवर दोन प्रयोग झाले. स्टीव्हियाची पूड साखरेच्या अंदाजाने घातली, ते कडसर लागलं. कॉर्नफ्लोअर लावून फ्रीजमध्ये ठेवलं, त्याला तिसऱ्या दिवशी पाणी सुटलं. सासूबाईंचं म्हणणं, “मुरांब्यात साखरेची काटकसर चालत नसते.” ताईंचे प्रश्न असे: गूळ किंवा मध चालेल का? प्रिझर्व्हेटिव्ह घालू का? आणि वर्षभर टिकणारं, शुगर-फ्री चेरी कॉम्पोट (स्वतःच्या रसात शिजवलेलं फळ) घरी होतं की नाही?

ताई,

सासूबाई बरोबर सांगताहेत. फक्त तुम्ही केलात तो मुरांबा नव्हताच. किलोला १०० ग्रॅम साखर घातलेली चेरी म्हणजे शिजवलेलं फळ, आणि शिजवलेला पदार्थ आपण कपाटात बारा दिवस ठेवत नाही. चूक तुमच्या हाताची नाही. कृती मुरांब्याची घेतली, पदार्थ वेगळा झाला, आणि ठेवण्याची जागा मात्र मुरांब्याचीच राहिली.

मुरांब्यात किंवा जॅममध्ये साखर ६०–६५ टक्क्यांच्या घरात जाते. एवढी साखर फळातलं पाणी स्वतःशी बांधून ठेवते, त्यामुळे बरणीत ओल असूनही यीस्टला आणि बुरशीला ती वापरता येत नाही. तुमच्या बरणीत चेरीची स्वतःची आणि वरून घातलेली मिळून साखर साधारण २०–२५ टक्के असावी. यीस्टला एवढी साखर आडवी येत नाही, उलट पंगतच वाढून ठेवल्यासारखी होते. बरण्या स्वच्छ होत्या हे मान्य, पण भरताना हवेतून, पळीवरून, झाकणाच्या आतून दोन-चार पेशी आत जातातच, आणि भरल्यानंतर त्यांना मारणारं काहीच घडलं नाही. ‘फस्स’ झाला तो त्यांनी सोडलेला वायू. सगळं टाकून दिलंत हे उत्तम केलंत. वरची बुरशी काढून खालचं वापरायचा मोह अशा पातळ पदार्थात करूच नये, तिचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

म्हणजे तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: साखर कमी कशी करायची आणि फळ टिकवायचं कसं. मुरांब्यात दोन्हींचं उत्तर एकच असतं, साखर. ती काढली की टिकवण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं लागतं: फ्रीज, फ्रीझर, नाहीतर उकळत्या पाण्यात बंद केलेली बरणी. तिन्हींकडे येऊ. आधी ‘शुगर-फ्री’ या शब्दाकडे बघू, कारण सासऱ्यांच्या दृष्टीने खरी गडबड तिथे आहे.

गोड चेरीच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १३ ग्रॅम साखर निसर्गानेच घातलेली असते. त्यामुळे चेरीचं शुगर-फ्री कॉम्पोट असा पदार्थ नसतोच. बिया काढलेल्या ५०० ग्रॅम चेरीत काहीही न घालता आटवलं तर दोन मोठ्या चमच्यांत (सुमारे ४० ग्रॅम) साधारण ६ ग्रॅम साखर येते. त्याच चेरीत ३० ग्रॅम साखर घातली तर साडेआठ ग्रॅम. नेहमीच्या जॅमच्या तेवढ्याच चमच्यांत २५ ग्रॅम. बघा, मोठी उडी जॅमवरून कॉम्पोटवर येताना पडते. शेवटची ३० ग्रॅम काढून हाती लागतात ते वाढपामागे अडीच ग्रॅम, आणि त्या बदल्यात चव, रंग आणि रस तिन्ही उतरतात. माझं मत सरळ आहे: ती ३० ग्रॅम साखर ठेवा आणि चमचे मोजा. बरणीवर ‘शुगर-फ्री’ लिहिलं की घरातला मधुमेही माणूस वाटीभर खातो, आणि बिनसाखरेच्या वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम कॉम्पोटमध्येही ३० ग्रॅमच्या वर साखर असते.

आणखी एक. सासऱ्यांना नेमकं काय हवंय हे त्यांना विचारलंय का? खऱ्या मुरांब्याच्या एका लहान सपाट चमच्यात चारेक ग्रॅम साखर असते, म्हणजे बिनसाखरेच्या कॉम्पोटच्या दोन मोठ्या चमच्यांहून कमीच. काहींना टोस्टवर फळ भरपूर लागतं, काहींना जॅमची ती चिकट गोडी जिभेला लागली की पुरे असतं. ते दुसऱ्या जातीचे असतील तर तुमचा सगळा खटाटोप वाचेल. रोज किती चालेल हे त्यांच्या औषधांवर ठरतं, तेव्हा ४० ग्रॅमचा हा आकडा त्यांच्या डॉक्टरांना एकदा सांगा.

गूळ आणि मध हे साखरेचेच भाऊबंद. दोन्हींत वजनाच्या चार पंचमांश किंवा त्याहून जास्त साखरच असते, शिवाय गुळाने चेरीचा रंग मळतो आणि वासही दबतो. स्टीव्हिया साखरेपेक्षा कितीतरी पट गोड असल्याने ‘साखरेच्या अंदाजाने’ घातला की कडवटपणा वर येतोच. वापरायचाच तर पदार्थ गार झाल्यावर, चिमटीने. एरिथ्रिटॉल या साखरेच्या पर्यायाची गोडी बरी लागते, पण जास्त झालं तर फ्रीजमध्ये त्याचे खडे बनतात आणि कॉम्पोट दाताखाली कचकचतं. अॅस्पार्टेमच्या गोळ्या उकळू नका, उष्णतेने त्यांची गोडी जाते. प्रिझर्व्हेटिव्हचं म्हणाल तर बेंझोएट किलोला ग्रॅमच्या अंशात घालायचं असतं, आणि घरातल्या वजनकाट्याला तो अंश दिसत नाही. तो नाद सोडा.

आता कृती. बाजारात काश्मीर आणि हिमाचलची चेरी मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत मिळते. काश्मिरी चेरीत मिश्री आणि डबल या गडद, घट्ट जाती शिजल्यावरही आकार धरून राहतात, मखमली मऊ आणि रसाळ असते. फळवाला जात सांगेलच असं नाही, तेव्हा दाबून बघा. देठ हिरवा, फळ टणक आणि चकचकीत असेल तर घ्या. देठ तपकिरी झालेला डबा दोन दिवस जुना समजा. आणि केकवरच्या लालभडक ‘चेरी’ला या कामात आणू नका. आपल्याकडे ती पुष्कळदा करवंदच असतं, पाकात मुरवून लाल रंग दिलेलं.

५०० ग्रॅम गरासाठी देठ-बियांसकट साधारण ६०० ग्रॅम चेरी घ्या. बी काढायचं यंत्र नसेल तर काचेच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर चेरी बसवा आणि देठाच्या खळगीतून चॉपस्टिक किंवा स्टीलची स्ट्रॉ खाली दाबा. बी बाटलीत पडते, रसही बराचसा तिथेच जमतो, तो गाळून घ्या. चेरी मोजून घ्या आणि शेवटी बियाही मोजा. कवळी लावणाऱ्या माणसासाठी करताय, एक बी राहिली तरी महागात पडेल. बियांसकट चेरी मिक्सरला मात्र कधीही लावू नका. अख्खी बी चुकून गिळली गेली तर सहसा काही होत नाही, पण फोडली की आतल्या गरातून सायनाइड तयार होतं.

पातेलं स्टीलचं आणि पसरट घ्या. अॅल्युमिनियम आणि लोखंड आंबट रसाशी भांडतात, रंग काळपट होतो आणि धातूची चव उतरते. चेरीवर ३० ग्रॅम साखर (दोन मोठे चमचे, किंचित शिगोशीग), १५ मिली लिंबाचा रस आणि मिठाची चिमूट घालून हलवा आणि ३०–४० मिनिटं झाकून ठेवा. साखर फळातला रस बाहेर ओढते. तळाशी बोटभर लाल रस जमला की पाणी घालायची गरज उरत नाही, आणि पाणी घातलं नाही की नंतर आटवत बसावं लागत नाही. कमी साखरेची कॉम्पोटं पांचट होतात ती बहुतेक इथेच: साखर कमी म्हणून रस सुटत नाही, रस नाही म्हणून वाटीभर पाणी ओतलं जातं.

मग झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटं. झाकण काढून मध्यम आचेवर आणखी ६ ते ८. चेरीची चकाकी जाऊन साल किंचित सुरकुतली, पण दाबल्यावर फळ अजून भरीव लागलं, की थांबा आणि झाऱ्याने सगळी फळं काढून घ्या. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. रस दाट व्हावा म्हणून फळालाही पंचवीस मिनिटं उकळत ठेवलं की चेरी चिवट होते आणि वास उडून जातो. फळ बाहेर, रस आत, आच मोठी. सुरुवातीला वर गुलाबी फेस येईल, बुडबुडे बारीक आणि घाईचे असतील. चार-पाच मिनिटांत ते मोठे, चकचकीत आणि सुस्त होतात, आणि रस निम्म्यावर येतो. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. रेघ हळूहळू मिटली तर झालं. जॅमसारखी ती उघडी राहायची वाट बघू नका. चेरीत पेक्टिन (जॅम घट्ट धरणारा फळातला घटक) कमी, आणि साधं पेक्टिन धरायला साखर भरपूर लागते, त्यामुळे ते होणारच नाही. दाटपणा हवा असेल तर फळातला तिसरा हिस्सा चमच्याच्या पाठीने चेचून रसात घाला. एवढं पुरतं. आणखी अंग हवं असेल तर सुरुवातीलाच शंभरेक ग्रॅम सफरचंद सालासकट किसून टाका, ते विरघळून जातं.

तुमचं कॉर्नफ्लोअर का सुटलं याची तीन कारणं संभवतात. आंबट रसात जास्त वेळ उकळलं की स्टार्चची पकड तुटते. फ्रीजच्या थंडीत स्टार्च आकसतो आणि धरलेलं पाणी सोडून देतो. आणि तिसरं कारण आपल्या आजींना न शिकता ठाऊक होतं: उष्टा चमचा. लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडतं, एकदा उष्टा चमचा बुडाला की घट्ट सॉस रात्रीत पातळ होतो. त्या बरणीत कुणी चाखून बघितलं होतं का, आठवा.

चव गार झाल्यावर बघा. गरम पदार्थ गोड वाटतो, फ्रीजमधून काढलेला तोच पदार्थ आंबटसर लागतो. इथे लगेच साखरेच्या डब्याकडे हात जाऊ देऊ नका. इंचभर दालचिनी रसाबरोबर उकळली तर गोडीचा भास वाढतो. वेलची चालते, पण ती शेवटी. बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब चेरीला फार शोभतात, दोन्हींच्या वासाचं मूळ एकच आहे, बेंझाल्डिहाइड. तिसरा थेंब पडला तर मात्र खोकल्याच्या औषधाची आठवण येईल.

तयार झालेलं हे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम कॉम्पोट दोन लहान बरण्यांत भरा आणि फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. आठवडा चांगलं राहतं, नेहमी कोरडा चमचा वापरलात तर दहा दिवस. वास आंबूस आला, बुडबुडे दिसले किंवा झाकण फुगलं तर चाखून खात्री करत बसू नका.

जास्त दिवसांसाठी माझी पहिली पसंती फ्रीझरला, आणि तीही तयार कॉम्पोटपेक्षा कच्च्या चेरीला. बिया काढलेली चेरी ताटात एकेरी पसरून चार तास गोठवा, मग २८०–३०० ग्रॅमच्या पिशव्या करा, हवा दाबून काढा आणि तारीख लिहा. उणे १८ अंशांना आठ-दहा महिने छान राहते. यातला खरा फायदा वेगळाच आहे. गोठताना बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, म्हणून शिजवताना रस आपोआप सुटतो. साखरेने करायचं ते काम थंडीने आधीच केलेलं असतं. अशी चेरी न वितळवता थेट पातेल्यात टाका, लिंबू पिळा, दहा-बारा मिनिटांत कॉम्पोट तयार. ज्यांना डॉक्टरांनी वरची साखर पूर्ण बंद सांगितली आहे त्यांनी हाच रस्ता धरावा, ताज्या चेरीवर बिनसाखरेचा प्रयोग करू नये. वीज जाऊन पिशव्या वितळल्या तर त्याच दिवशी शिजवून टाका.

कपाटातच ठेवायचं असेल तर बरण्या उकळाव्या लागतील, आणि तिथे साखर लागतच नाही. चेरी निव्वळ पाण्यात किंवा तिच्याच रसातही अशी बंद करता येते. अट अशी की दाट कॉम्पोट भरायचं नाही. उष्णता दाट मिश्रणात सावकाश शिरते, मध्यभाग कच्चा राहतो, आणि कॉर्नफ्लोअर घातलेलं तर अजिबात चालत नाही. अख्खी चेरी थोड्या पाण्यात उकळी आणून गरम असतानाच अर्ध्या लिटरच्या गरम बरणीत भरा. वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडा. प्रत्येक बरणीत एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला, कारण गोड चेरीची आम्लता सुरक्षिततेच्या सीमेजवळ असते. सीमा म्हणजे पीएच ४.६ (पीएच जितका जास्त, तितकी आम्लता कमी). काही चेरी ४.५ पर्यंत पोचतात, आणि ४.६ च्या वर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा, धोका सुरू होतो. झाकणं नवीच घ्या. खोल पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा जाड फडकं घाला, पाणी झाकणांवर इंचभर राहू द्या. रटरटून उकळी आल्यापासून मुंबई-रत्नागिरीकडे १५ मिनिटं, पुणे-नाशिकला २० मिनिटं. साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून ही वरची पाच मिनिटं. बरण्या बाहेर काढून १२ तास हलवू नका. मग झाकणाचा मध्य दाबून बघा: आत खेचलेला आणि गप्प असेल तर बंद झाली. टिक-टिक वाजला तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवा. उघडल्यावर रस आटवून कॉम्पोट करा. अर्थात एका माणसाच्या टोस्टसाठी हा घाट घालावा असं मला वाटत नाही. फ्रीझरमध्ये जागाच नसेल तर गोष्ट वेगळी.

जर्मनी-अमेरिकेतल्या वाचकांकडे जुलैत आंबट चेरी मिळते, तिच्यात साखर १०० ग्रॅमला साडेआठ ग्रॅमच आणि आम्लता भरपूर. लिंबू वगळा, साखर ३०ची ४५ करा. तरीही एकूण हिशेब गोड चेरीपेक्षा जास्त होत नाही. काचेच्या बाटलीतली पाकातली चेरी घेतलीत तर मात्र लेबलवरची साखर आधी वाचा.

तुमच्या तीन किलोंचं असं करा, ताई. ६०० ग्रॅमचं कॉम्पोट या आठवड्यात. दोन किलोमधून १७०० ग्रॅमच्या आसपास गर निघेल, त्याच्या सहा पिशव्या फ्रीझरला. उरलेली चेरी ताजीच खा. एका पिशवीचं कॉम्पोट सासऱ्यांना रोज दोन चमच्यांनी सहा दिवस जातं, म्हणजे सहा पिशव्या हे पाचेक आठवडे झाले, वर्ष नव्हे. पण वर्षभर चेरीच कशाला? डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येईल. तिच्यात १०० ग्रॅमला जेमतेम ५ ग्रॅम साखर, बी काढायची कटकट नाही, आणि याच रीतीने शिजवायची तर तिला मध्यम आचेवर आठ मिनिटं पुरतात.